तीन चाळीस ते चार दहा

शून्य म्हणजे अजिबात नाही,
दहा म्हणजे कल्पनेतली सगळ्यात वाईट.
हे वाक्य मी दिवसातून चौदा वेळा म्हणते.
बोगुमिल यांनी डोकं जरा कलतं केलं,
तार ऐकावी तसं,
आणि म्हणाले, आकडा नाही, पट्टी सांगतो:
डावीकडची एक काळी पट्टी,
कुणीतरी दाबून धरलेली,
आणि खोलीत कुणीच नाही.

अर्जावर मी आठ लिहिलं.

चाळीस वर्षं टोरूनमधले पियानो लावले त्यांनी,
शाळांचे, चर्चच्या तळघरातले, एका दंतवैद्याचा.
खांद्यावर कोंडा दिसतो म्हणून
काळा कोट सोडून करडा घेतला.
लोक म्हणत, खाजच ना? मग खाजवा.
बायको म्हणायची, सगळं तुझ्या डोक्यात आहे.
तिचं तसं बरोबरच होतं.

माझी पट्टी वेगळी. पारदर्शक, चिकट, नाण्याएवढी.
कानामागे, केसांच्या कडेला लावायची,
पाच मोजायचे, सोलायची.
कांद्याच्या आतल्या सालीहून पातळ काहीतरी
तिच्याबरोबर निघून येतं.
एक, दुसरी, दहावी.
दुखत नाही ना?
"बरं वाटतंय. अजून दहा काढा."
मग कुप्या उणे ऐंशीत,
जिथे कुणालाच कंड सुटत नाही.

मंगळवारी यंत्रानं कागद दिला.
एकतीस नंबरचं इंटरल्यूकिन:
पेशी मज्जातंतूच्या कानाला लागते ना,
तीच ही चहाडी, भरपूर.
हिस्टामिन मात्र जेमतेम.
म्हणजे इतकी वर्षं गोळ्या घेतल्या त्या
चोर सोडून संन्याशाला फाशी.
त्यांनी कागद चष्म्याजवळ नेला, दूर नेला,
घडी घालून करड्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.
वांदाला दाखवायला हवा होता, म्हणाले.

बारा आठवडे सुया.
चहाडी थांबली. टाळू स्वच्छ, लहान मुलाची असावी तशी.
आकडा उतरत उतरत माझ्या आकड्यापाशी आला
(निरोगी तुलनेसाठी पट्ट्या मीही दिल्या होत्या).
आता किती?
"सहा."
पुन्हा विचारलं.
"सहाच. सांगायला मलाही लाज वाटते."

मनगटावरचं घड्याळ त्यांच्या बाजूनं साक्ष देतं.
दर रात्री दोनशेच्या वर.
हात झोपेत उठतो आणि जातोच,
घर रिकामं झालं तरी
जुन्या पत्त्यावर पत्रं टाकत राहणाऱ्या माणसासारखा.
सकाळी त्यांना एकही पत्र आठवत नाही.

फक्त अकरा तारखेला,
तीन चाळीस ते चार दहा, रेघ सपाट.
डॉक्टर रोमाल्दा म्हणाल्या, बॅटरी असेल, विचारून घ्या.
मी फोन केला.
ते बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, क्लुस्का.
क्लुस्का कोण?
"मांजर. हातावर येऊन बसली. साडेपाच किलो आहे.
मी जागा होतो. खाजत होतं, अगदी मरणाचं.
पण हात काढला असता तर उठून गेली असती."
पाठीमागे किटली वाजत होती, त्यांनी ती वाजू दिली.
"आधी वांदा धरायची तो हात. झोपेतच.
तेव्हा कुणी मोजत नव्हतं."

नोंदवहीत मांजराला रकाना नाही.
'हालचाल नाही, कारण' याच्या पुढे
मी बॅटरी लिहिलं. खोडलं.
वजन, एवढंच लिहिलं,
आणि डॉक्टर विचारतील म्हणून पुढे साडेपाच किलो.

बाहेर बर्फ पडून घट्ट झालाय, ट्राम हळू चाललीय.
हे लिहिता लिहिता माझ्या कॉलरखाली चुणचुणायला लागलं.
माझी कुपी खाली उणे ऐंशीत आहे,
वर लेबल: निरोगी.
उजव्या हातात पेन आहे.
डावा मी मांडीखाली दाबून बसले आहे.